कोर्टाचं नाटक बसवताय आणि संहितेत बदल करायचेत? हौशी ग्रुपना पडणारे नेहमीचे प्रश्न

आमचा ग्रुप हौशी आहे, कुणी बँकेत कुणी शाळेत कुणी मेडिकल दुकानात, आणि तालीम रात्री साडेआठनंतर एका शाळेच्या वर्गात बाक मागे सारून. आत्तापर्यंत कोर्टाची तीन नाटकं केली, तिन्ही वेळा संहितेवर बरंच काम केलं, काही बदल जमले, काही चांगलेच अंगाशी आले. स्पर्धेचे दिवस आले की इतर ग्रुपमधल्या मित्रमंडळींचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. कायद्याचं जे लिहिलंय ते नाटकवाल्याच्या गरजेपुरतं आहे. तुमची केस वेगळी असेल तर ओळखीच्या वकिलाला विचारा.

मुळात दुसऱ्याच्या नाटकात बदल करायचा हक्क आपल्याला आहे का?

विचारल्याशिवाय नाही. प्रयोगाची परवानगी आणि बदलाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच बरेच ग्रुप फसतात. मानधन भरलं, पत्र मिळालं, म्हणजे आता नाटक आपलं असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क वेगळा धरलाय, आणि शिवाय कलम ५७ आहे, त्यात लेखकाला त्याच्या कृतीची मोडतोड झाली आणि त्याने त्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसला तर हरकत घ्यायचा हक्क आहे, आणि हा हक्क त्याने कॉपीराइट दुसऱ्याला विकला तरी त्याच्याकडेच राहतो.

आम्ही काय करतो ते सांगतो. पत्रात मोघम 'किरकोळ बदल' असं लिहीत नाही. कुठला प्रवेश कापतोय, कुठलं पात्र काढतोय, कुठली वाक्यं नव्याने घालतोय याचं एक पान जोडतो. एका लेखकांनी आमच्या सहापैकी चार बदल मान्य केले, एक नाकारला आणि एकाच्या जागी त्यांनी स्वतः आम्हाला जास्त चांगलं वाक्य लिहून दिलं! विचारलं नसतं तर ते वाक्य आम्हाला कधी मिळालंच नसतं.

पण आम्ही तिकीटच लावत नाही, गणपतीत मंडळापुढे करतोय, तरी?

कायद्यात याला सूट आहे, कलम ५२ मध्ये. हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा भंग धरला जात नाही. पण नीट वाचलं तर ती सूट प्रयोगाला आहे, संहिता बदलायला नाही. आणि त्याच प्रयोगाचं रेकॉर्डिंग करून तुम्ही यूट्यूबवर टाकलंत तर तो परत वेगळाच विषय झाला. त्यामुळे तिकीट असो नसो, लेखकाला किंवा वारसांना एक फोन करा, त्यात कमीपणा काही नाही.

लेखक हयात नसतील तर?

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणजे आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या नाटकांवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. विजय तेंडुलकर २००८ ला गेले, तिथे २०६८ संपेपर्यंत. देवल, गडकरी यांची नाटकं केव्हाच मोकळी झालीत, पण त्यांच्याकडे कोर्ट शोधत बसावं लागेल. आणि अनुवादित नाटक असेल तर मूळ लेखक वेगळा अनुवादक वेगळा, दोघांचे हक्क वेगवेगळे मोजायचे, मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी अनुवादक कदाचित पुण्यात सकाळी फिरायला जात असतील.

सेन्सॉरचं सर्टिफिकेट आधीच आहे. बदल केल्यावर परत जायचं का?

महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहितेला प्रमाणपत्र देतं, म्हणजे ते त्या विशिष्ट संहितेला असतं. तुम्ही दोन वाक्यं मागेपुढे केलीत तर वेगळं, पण नवा प्रवेश घातला, शेवट बदलला तर बदललेली प्रत पाठवणं हेच सरळ. वेळ लागतो हे धरून चला. स्पर्धेच्या तोंडावर पाठवू नका. राज्य नाट्य स्पर्धेचं असो नाहीतर गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेचं, नियमपत्रक त्या त्या वर्षीचं वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

नाटक पावणेतीन तासांचं आहे. कुठे कापायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मी लांब देणार आहे कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

घरगुती नाटकात आत्याबाईंचा चहाचा प्रवेश कापला तर नाटक थोडं बोडकं दिसतं, पण चालतं. कोर्टाच्या नाटकात तसं नसतं, कारण इथे प्रेक्षक नुसता बघत नाही, तो मनातल्या मनात निकाल देत बसलेला असतो. स्टेजवर एक न्यायाधीश असतो आणि खाली तीनशे. प्रत्येक वाक्य त्यांच्या दृष्टीने पुरावा आहे. तुम्ही एक वाक्य कापलंत की त्या तीनशे जणांपुढे एक कागद कमी येतो, आणि त्यांना माहीतही नसतं की तो कमी आलाय.

आमच्या दुसऱ्या नाटकात पहिल्या अंकात पंचाची साक्ष होती. साधा माणूस, पानवाला, पंचनाम्यावर सही केली होती एवढंच सांगायला येतो. वाचनात सगळ्यांना कंटाळवाणं वाटलं, दिग्दर्शक म्हणाला काढून टाकू, मीही मान डोलावली. नऊ मिनिटं वाचली म्हणून आम्ही खूश. तालमीत काहीच जाणवलं नाही कारण आम्हा सगळ्यांना गोष्ट पाठ होती. प्रयोगात दुसऱ्या अंकात बचावाचा वकील गरजतो की पंचनामा साडेसहाला संपला आणि अंधार सातनंतर पडला मग कंदील कशाला लागला होता, आणि आमच्या हिशोबाने इथे थिएटर हलायला हवं, तर खाली शांतता. कंदिलाचं पहिल्यांदा बोलला होता तो पानवाला, आणि तो तर आम्ही काढला होता. मध्यंतरानंतर परत आलेले लोक एकमेकांना विचारत होते की कंदील कुणाचा. तिथून नाटक सुटलं ते सुटलंच.

तेव्हापासून आम्ही पुराव्याची वही करतो. दोनशे पानी साधी वही. डाव्या पानावर: कुठली गोष्ट प्रेक्षकाला पहिल्यांदा कधी कळते, कुणाच्या तोंडून, कुठल्या पानावर. उजव्या पानावर: त्याच गोष्टीचा पुढे कुठे कुठे वापर होतो. चाकू, वेळ, पत्र, अंतर, नातं, सगळं. ही वही भरायला आठवडा जातो, पण मग कात्री लावताना डोळे उघडे असतात. ज्या गोष्टीचं उजवं पान रिकामं ती बिनधास्त कापा. ज्याचं उजवं पान भरलंय ते कापायचं असेल तर ती माहिती दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी द्या, आणि तीही आधीच्याच क्रमाने, कारण काय कळतं याच्याइतकंच कधी कळतं हेही महत्त्वाचं.

आणि वहीत फक्त वाक्यं नाही, वस्तू आणि हालचालीही लिहा. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. अगदी सुरुवातीला, अजून कोर्टाचं नावही नाही, तेव्हा नायिका बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत सापडतं. गावातला सामंत पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट घेऊन आलेला असतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं हा सगळा वेळकाढूपणा आहे, पंधरा मिनिटं इथूनच काढू. पण पुढे तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा दार बाहेरून लागलेलं असतं, आणि शेवटी सगळं संपल्यावर सामंत तो पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो. सुरुवातीची कडी आणि पोपट काढलात तर शेवटाचा गळाच घोटला. चांगला लेखक किती आधी पेरतो हे मला त्या नाटकाच्या वहीने शिकवलं.

उलटतपासण्या फार लांब आहेत, त्या तरी छोट्या करू का?

छोट्या करा पण मधून कापू नका. उलटतपासणी ही जिन्यासारखी असते. वकील आधी तीन-चार निरुपद्रवी प्रश्नांना 'हो' म्हणवून घेतो, साक्षीदार सैल होतो, मग एकेक दार बंद करत नेतो आणि शेवटचा प्रश्न टाकतो. मधल्या पायऱ्या काढल्या तर शेवटचा प्रश्न नुसता आरडाओरडा वाटतो. आमचा अनुभव असा की चार उलटतपासण्या अर्ध्या अर्ध्या करण्यापेक्षा एक पूर्ण काढून बाकी तीन अख्ख्या ठेवणं केव्हाही बरं.

अजून एक. सरतपासणी आणि उलटतपासणी यांतला फरक लिहिण्यातच दिसला पाहिजे. सरतपासणीत वकील स्वतःच्या साक्षीदाराला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू शकत नाही, म्हणजे 'तुम्ही त्याला सुरा मारताना बघितलंत ना?' असं नाही, 'तुम्ही काय बघितलंत?' असं. सुचवणारे प्रश्न उलटतपासणीत चालतात. बऱ्याच संहितांमध्ये दोन्ही एकाच सुरात लिहिलेल्या असतात, तिथे नुसते प्रश्नाचे शब्द बदललेत तरी प्रवेश एकदम खरा वाटायला लागतो आणि नटालाही दोन वेगळे सूर सापडतात. साक्षीदार फितूर झाला तर मग कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकीलच त्याला उलट प्रश्न विचारतो, आणि तो क्षण स्टेजवर फार जबरदस्त होतो, कारण आपलाच माणूस समोर गेलेला असतो.

कलमं बदलायची का? आता आयपीसी नाही ना.

नाटक कधी घडतंय ते आधी ठरवा. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा आजच्या खटल्यात खुनाला ३०२ नाही तर १०३, खुनाच्या प्रयत्नाला ३०७ ऐवजी १०९, फसवणुकीला ४२० ऐवजी ३१८. पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडलेला असेल तर खटला आज चालू असला तरी कलम जुनंच, आज कोर्टात दोन्ही ऐकू येतात. म्हणजे तुमच्या नाटकातला खून २०२१ चा असेल तर ३०२ बरोबरच आहे, कुणी परीक्षक टोकला तर शांतपणे सांगा.

आणि जुनं नाटक त्याच्या काळात ठेवत असाल तर हात लावूच नका. 'शांतता' मध्ये बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवून ३०२ लावतात. कायद्याने बघितलं तर गर्भपाताची कलमं तेव्हाही वेगळी होती, ३१२ पासून पुढची. पण ते कोर्ट खोटं आहे, नाटकातल्याच हौशी नटांनी मांडलेलं, त्यांना ऐकायला सगळ्यात भीषण वाटणारं कलम त्यांनी उचललंय, आणि त्यातच त्यांची सगळी वृत्ती दिसते. एका ग्रुपने ते 'दुरुस्त' करायचं ठरवलं होतं, मी हात जोडून सांगितलं, नका करू. ते नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. आजच्या काळात आणायचं असेल तर नुसतं कलम बदलून भागत नाही, तिच्यासमोरचे सगळे रस्तेच बदलतात.

हातोडा, 'ऑर्डर ऑर्डर', गीतेवर हात?

तिन्ही काढा. आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, आणि शपथ १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराला स्मरून किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून घेतात, कापडात गुंडाळलेला ग्रंथ घेऊन कुणी फिरत नाही. हे सगळं सिनेमातून आलंय.

पण काढल्यावर तिथे पोकळी राहते, ती खऱ्या गोष्टींनी भरा ना. पट्टेवाल्याचा पुकारा आहे, नाव वाकडंतिकडं करून तीनदा मारलेला. तारखा आहेत. साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश ते स्वतःच्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, ही गोष्ट तर नाटकवाल्याला सोन्याची खाण आहे. साक्षीदार बाई म्हणते, 'मेला रोज ढोसून यायचा हो आणि पोरांसमोर मारायचा,' आणि साहेब टायपिस्टला सांगतात, 'मयत हा दारूच्या नशेत साक्षीदारास मारहाण करीत असे.' तिचं रडणं कागदावर कसं वाळून जातं हे प्रेक्षकाला डोळ्यांसमोर दिसतं. आमच्या तिसऱ्या नाटकात आम्ही लेखकांच्या परवानगीने हे घातलं, आणि टायपिस्टचं काम करणाऱ्या मुलीला एकही वाक्य नसताना तिच्याबद्दल लोक बोलत होते.

'मी लॉर्ड' सुद्धा तपासा. बार कौन्सिलने २००६ मध्येच सांगितलंय की ते सोडा. खालच्या कोर्टात वकील आपले 'साहेब', 'सर' म्हणतात, आणि तालुक्याच्या कोर्टात मराठीत कामकाज चालतं तिथे 'मे. कोर्ट' म्हणजे 'मेहरबान कोर्ट' ऐकू येतं.

आमच्या मूळ इंग्रजी नाटकात ज्युरी आहे. मराठीत काय करायचं?

भारतात ज्युरी आता नाही, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती राहिलीच नाही. मुंबईत १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष निकाल दिला, सेशन्स जजना तो पटला नाही, त्यांनी हायकोर्टाकडे पाठवला, आणि पुढे शिक्षा झाली. त्यामुळे ज्युरी हवीच असेल तर नाटक पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईत न्या, कपडे, रेडिओ, भाषा सगळं तिथलं. नाहीतर तशीच परदेशात ठेवा. आजच्या सांगलीत बारा ज्युरी बसवले तर पहिल्या पाच मिनिटांत विश्वास उडतो आणि मग तो परत येत नाही.

आणखी काय काय कायद्याच्या चुका संहितेत सापडतात?

दोन हमखास. एक म्हणजे पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीवर सगळा निकाल लागतो. आपल्याकडे पोलिसाला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यातही नव्हती आणि नव्यातही नाही. गोष्ट कबुलीवरच उभी असेल तर ती मॅजिस्ट्रेटसमोर दिलेली करा, किंवा कबुलीतून सापडलेली वस्तू पुढे आणा.

दुसरी म्हणजे सरकारी वकील आरोपीलाच पिंजऱ्यात उभं करून शपथ देऊन झोडपतो. इंग्रजी नाटकातून आलेली ही गोष्ट. आपल्याकडे आरोपीवर साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, घटनेच्या २० व्या कलमातच आहे ते. तो स्वतःहून लेखी मागणी करून बचावाचा साक्षीदार होऊ शकतो, मग उलटतपासणी होते. नाहीतर पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतात, तेही शपथेशिवाय. आता हे अडचण म्हणून बघू नका. आरोपीने स्वतः उठून 'मला बोलायचंय' म्हणणं आणि त्याच्या वकिलाने त्याचा हात दाबून धरणं, यात जो ताण आहे तो जबरदस्तीने उभं करण्यात कुठाय!

जुन्या संहितेत वकील बाईच्या चारित्र्यावरून वाटेल ते विचारतो. ठेवायचं?

नाटक जुन्या काळात घडत असेल तर ठेवा, कारण तेव्हा तसं विचारलं जायचं आणि लोकांना ते कळायला हवं. पुरावा कायद्यातली बलात्काराच्या खटल्यात बाईच्या 'चारित्र्या'वर बोट ठेवू देणारी तरतूद २००३ साली निघाली, २०१३ मध्ये ते आणखी घट्ट केलं गेलं. म्हणजे आजचा खटला दाखवताय तर सरकारी वकिलाने उठून हरकत घेतलीच पाहिजे आणि न्यायाधीशांनी प्रश्न फेटाळलाच पाहिजे. असे खटले बंद दाराआड चालतात हेही लक्षात घ्या, स्टेजवर मागे बघ्यांची गर्दी बसवू नका.

आणि ते प्रश्न ठेवताना कुणावर हशा येतोय ते बघा. एका तालमीत आमच्या वकिलाने टायमिंग इतकं छान साधलं की बघायला आलेले दोघं हसले, आणि काम करणारी मुलगी गप्प झाली. आम्ही ते टायमिंग मोडलं. वाक्य तेच ठेवलं, पण वकील ते कागदात बघत, सपाट आवाजात विचारतो. हसू आलं नाही.

तालमीत इम्प्रोव्हायझेशन (सुचेल तसं आयत्या वेळी बोलणं) करून संहिता घडवतोय. काही काळजी?

हो, आणि हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय.

तेंडुलकरांच्या त्या नाटकात नेमकं काय घडतं बघा ना. हौशी नटांचा चमू, रात्रीचा प्रयोग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरच्या अभिरूप खटल्याचा, दुपार रिकामी. सामंतला कोर्ट म्हणजे काय ते दाखवायचं म्हणून दुसराच एक खटला खेळायला घेतात, गंमत म्हणून आपल्यातल्याच एकीला आरोपी करतात, आणि बघता बघता तिच्या खऱ्या आयुष्यातल्या गोष्टी साक्ष म्हणून बाहेर यायला लागतात. तिथे कुणीच सुरुवातीला वाईट करायचं ठरवून आलेलं नसतं. कोर्टाचा साचाच असा आहे, एक पिंजऱ्यात आणि बाकीचे प्रश्न विचारणारे, की माणसाच्या आत जे असतं ते बाहेर येतं.

आणि हे फक्त नाटकात होतं असं नाही. आमच्या एका तालमीत 'साक्षीदाराला काहीही विचारा' म्हणून सगळ्यांना मोकळं सोडलं होतं, आणि एकाने समोरच्याच्या मोडलेल्या लग्नावरून प्रश्न विचारला. भूमिकेच्या आडून विचारला. समोरच्यानेही भूमिकेतच उत्तर दिलं, आम्ही सगळे म्हणालो वा काय खरं उतरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तालमीला आलाच नाही. आठ दिवसांनी घरी गेलो तेव्हा कळलं.

तेव्हापासून नियम आहे. ग्रुपमधल्या कुणाचंही घर, लग्न, पैसा, आजार, जात यातलं काही तालमीच्या कोर्टात आणायचं नाही. इम्प्रोव्हायझेशनच्या आधी पात्राचं आयुष्य कागदावर लिहून काढायचं, प्रश्न त्यातूनच. कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. आणि तालमीत निघालेलं वाक्य संहितेत घालण्याआधी ज्याच्या तोंडून निघालं त्याला विचारायचं. यामुळे तालीम मिळमिळीत होते असं मला तरी कधी दिसलं नाही, उलट माणसं जास्त मोकळी सुटतात.

पात्रं पंधरा आणि आम्ही नऊ जण. पात्रं जोडायची का?

साक्षीदार जोडता येतात पण बाजू बघून. सरकारी बाजूचे दोन पोलीस एक करा, चालतं. सरकारचा एक आणि बचावाचा एक मिळवून तिसरा केलात की तो फितूर आहे का अशी शंका येते. एकाच नटाने दोन साक्षीदार करणं जास्त सोपं, कोर्टात साक्षीदार येतो, बोलतो, जातो, कपडे बदलायला वेळ मिळतो. न्यायाधीश बाई केल्या, सरकारी वकील बाई केल्या तर आजच्या काळात संहितेत एक अक्षर बदलावं लागत नाही, 'साहेब' चं 'मॅडम' एवढंच.

फ्लॅशबॅक आहेत, फिरता रंगमंच नाही. काढून टाकू?

'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं तेव्हा कोर्ट आणि बाहेरच्या जागा यांच्यात ये-जा करायला फिरता रंगमंच वापरला, आणि पणशीकरांची ती वेगवेगळी रूपं लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. आपल्याकडे ते नसतं. पण फ्लॅशबॅक काढून सगळं नुसतं सांगायला लावू नका, प्रेक्षक थकतो. आम्ही न्यायाधीशांची बैठक मागे उंचावर कायम ठेवतो, पुढचा डावा कोपरा फ्लॅशबॅकचा, साक्षीदार बोलता बोलता पिंजऱ्यातून उतरून थेट तिथे जातो. ब्लॅकआऊट नाही. न्यायाधीश मागे अंधुक दिसत राहतात, आणि आपोआप असं होतं की घडलेली गोष्टही कोर्टाच्या नजरेखालीच घडतेय. एकच बघा, फ्लॅशबॅकमध्ये दिसतं ते खरं घडलेलं आहे की साक्षीदार सांगतोय ते आहे, हे ग्रुपचं आपसात पक्कं असू दे. खोट्या साक्षीचा फ्लॅशबॅक खरा असल्यासारखा दाखवला तर प्रेक्षक नंतर चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

शेवट बदलायचाय. निकाल उलटा करू का?

निकाल बदलायचा तर मागे जाऊन सगळ्या साक्षी परत तोलाव्या लागतात, म्हणजे तुम्ही नवीन नाटक लिहिताय. मग सरळ नवीन लिहा, त्यात काय. आम्ही एकदा निकाल न सांगता थांबावं असं सुचवलं होतं, न्यायाधीश कागद उचलतात आणि पडदा. लेखकांनी नकार दिला, म्हणाले, अडीच तास लोकांना बसवलंत आणि आता त्यांच्यावर ढकलताय? तेव्हा राग आला होता. आज वाटतं ते बरोबर होते, त्या नाटकात त्या माणसाला शिक्षा होताना बघणं हेच दुखायला हवं होतं.

खऱ्या खटल्यावरून लिहिलेली संहिता बदलतोय. काय सांभाळायचं?

निकालपत्रं सार्वजनिक असतात, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टाची ऑनलाइन मिळतात, ती वाचाच, त्यातली भाषाच तुम्हाला अर्धे संवाद देईल. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काही येऊ द्यायचं नाही, तो गुन्हा आहे. चालू खटल्यावर मी तरी नाटक करणार नाही. जिवंत माणसांच्या तोंडी आपण रचलेली वाक्यं घालताना नावं, गाव, व्यवसाय बदला, आणि तरीही त्यांच्या घरातलं कुणी प्रेक्षागृहात बसलंय असं धरून ती वाक्यं वाचून बघा.

कोर्ट बघायला जाता येतं का? की ओळख लागते?

जाता येतं. फौजदारी कोर्ट हे कायद्यानेच खुलं असतं, जागा असेल आणि न्यायाधीशांनी मनाई केली नसेल तर कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. मोबाईल बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही, गेटवर विचारलं तर खरं सांगायचं. आख्खा ग्रुप एकदम जाऊ नका, दोघं-दोघं जा. निकालाच्या दिवशी जाण्यापेक्षा साध्या साक्षीच्या दिवशी जा. आमच्या वकिलाचं काम करणाऱ्याने तीन सकाळी रजा टाकून बसून काढल्या आणि परत आल्यावर त्याने आवाज निम्म्यावर आणला, कारण तिथे ओरडत कुणीच नाही.

तालमीत रोज कुणीतरी वाक्य बदलतं. अंतिम प्रत कधी?

प्रयोगाच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर बदल फक्त प्रॉम्प्टरच्या प्रतीत, पेन्सिलने, तारखेसकट. कोर्टाच्या नाटकात आकडे फार असतात, वेळ, तारीख, अंतर, आणि नट हमखास तिथेच चुकतो. साडेसहाचं सात म्हणून गेलात तर पुढची उलटतपासणी आडवी. म्हणून आम्ही आकड्यांची वेगळी तालीम घेतो, संवाद नाही, हालचाल नाही, सगळे गोल बसायचं आणि प्रॉम्प्टरने विचारायचं: पंचनामा कितीला? विहीर किती पावलांवर? पत्र कुठल्या तारखेचं? एकाने चुकवलं की परत पहिल्यापासून. साधारण चौथ्या फेरीला सगळे बरोबर येतात, मग चहा.